घाट चढणाऱ्या

१८५९ च्या मार्चमध्ये विल्यम फॅव्हिएल या इंग्रज कंत्राटदाराने बोरघाटातल्या रेल्वेचं काम सोडून दिलं. पळसदरीच्या पायथ्यापासून लोणावळ्यापर्यंत सुमारे १६ मैलांत १,८३१ फूट चढायचं, वाटेत २५ बोगदे फोडायचे, दऱ्यांवर पूल बांधायचे, असं ते काम होतं. त्यात मजुरांची देणी थकली आणि खंडाळ्याकडे दंगाही झाला होता. नवं कंत्राट सॉलोमन ट्रेडवेल यांना मिळालं. पत्नी अ‍ॅलिससह ते त्याच वर्षी मुंबईत उतरले आणि थोड्याच दिवसांत आजारी पडून वारले.

अ‍ॅलिस ट्रेडवेल यांनी कंत्राट परत केलं नाही. अ‍ॅडमसन आणि क्लाउझर या दोन जाणत्या माणसांना प्रत्यक्ष कामावर नेमून त्यांनी ते आपल्या नावावर पुढे चालवलं. १८६३ मध्ये घाटातून गाडी सुरू झाली. चालू कामाची छायाचित्रंही त्यांनी काढली. त्या काळी कॅमेरा म्हणजे काचा, रसायनं आणि अंधारी खोली असं सगळं बिऱ्हाड होतं, हे लक्षात घेतलं तर या बाईंचा यंत्राशी आणि तंत्राशी किती जवळचा संबंध आला असेल ते कळतं.

त्याच घाटात, त्याच वर्षांत आणखी हजारो बायका होत्या. १८६१ च्या सुरुवातीला या कामावरच्या मजुरांची संख्या ४२ हजारांवर गेली होती, आणि कुटुंबंच्या कुटुंबं कामाला येत असल्यामुळे त्यांत बायाही होत्या, पोरंही होती. सुरुंगाने फुटलेला दगड पाटीत भरून डोक्यावरून न्यायचा, भराव घालायचा, पाणी आणायचं. पटकीने त्यांतली किती माणसं गेली याची धड मोजदाद नाही. चार-पाच वर्षं रोज तेच काम करणाऱ्या बाईला कुठला दगड कसा फुटतो, ओला भराव कधी खचतो, हे नक्कीच कळू लागलं असेल. पण त्या कळण्याची कुठे नोंद झाली नाही, त्याला बढती मिळाली नाही, त्याचं शिक्षण कुणी पुढे नेलं नाही. काम संपलं आणि पाटी दुसऱ्या कामावर गेली.

स्त्रिया आणि तंत्रज्ञान या विषयाची सुरुवात संगणकापासून करायची पद्धत आहे. मला ती घाटापासून करावीशी वाटते, कारण इथे प्रश्न स्वच्छ दिसतो. शिकण्याची ताकद दोघींकडेही होती. शिकलेलं वापरायची जागा एकीलाच होती.

कॅरोल ड्वेक या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंचं 'माइंडसेट' हे पुस्तक २००६ मध्ये आलं आणि 'ग्रोथ माइंडसेट' हे शब्द जगभरातल्या शाळांत आणि कंपन्यांच्या प्रशिक्षण वर्गांत पोचले. त्यांचं मूळ म्हणणं साधं आहे. काही माणसं बुद्धीला जन्मजात आणि ठरलेली गोष्ट मानतात. काही माणसं ती मेहनतीने, चांगल्या पद्धतीने आणि दुसऱ्यांच्या मदतीने वाढते असं मानतात. पहिल्या प्रकारच्या माणसाला चूक म्हणजे स्वतःवरचा निकाल वाटतो, दुसऱ्याला ती पुढे काय करायचं याची माहिती वाटते. म्हणून अवघड काम समोर आलं की पहिला टाळतो आणि दुसरा हात घालतो.

यामागचा एक प्रयोग मुद्दाम सांगण्यासारखा आहे. १९९८ मध्ये क्लॉडिया म्युलर आणि ड्वेक यांनी तो प्रसिद्ध केला. पाचवीच्या मुलांना आधी सोपी कोडी दिली. ती सुटल्यावर काहींना म्हटलं, तू हुशार आहेस. काहींना म्हटलं, तू चांगली मेहनत घेतलीस. फरक तेवढ्या एका वाक्याचा. मग सगळ्यांना जड कोडी दिली, ती कुणालाच नीट सुटली नाहीत. शेवटी पुन्हा सोपी दिली. 'हुशार' ठरलेल्या मुलांचे गुण पहिल्या वेळेपेक्षा खाली आले, मेहनतीचं कौतुक झालेल्यांचे वर गेले. आणि आपले गुण अनोळखी मुलाला लिहून कळवायला सांगितल्यावर हुशार म्हटलेल्यांपैकी जवळजवळ ४० टक्के मुलांनी ते वाढवून सांगितले. एका वाक्याच्या कौतुकाने मुलं खोटं बोलायच्या पायरीवर आली, हे वाचून मी बराच वेळ थांबलो होतो.

आता हा प्रयोग आपल्या घरात आणून बघा. घाटावरच्या मावळ तालुक्यात कामशेत, वडगाव, तळेगाव किंवा पार आंदर मावळातल्या एखाद्या वाडीतही मुलांबद्दल बोलताना ठरलेली वाक्यं ऐकू येतात. 'ह्याला गणिताचं डोकं आहे.' 'हिचं गणित पहिल्यापासून कच्चं.' 'ती अभ्यास करून मार्क मिळवते, तो न करता मिळवतो.' या शेवटच्या वाक्यात मेहनत करणारी मुलगी कमी आणि न करणारा मुलगा जास्त ठरतो, आणि बोलणाऱ्याच्या ते लक्षातही येत नाही. पुढे विज्ञान शाखा घ्यायची वेळ आली की तीच वाक्यं सल्ला होऊन येतात.

हा समज व्यवसायांवरही बसलेला असतो. २०१५ मध्ये सारा-जेन लेस्ली, आंद्रेई चिम्पियन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'सायन्स' या नियतकालिकात एक अभ्यास मांडला. अमेरिकेतल्या ३० विद्याशाखांतल्या लोकांना विचारलं, तुमच्या विषयात वर जायला उपजत प्रतिभा किती लागते? ज्या शाखांतले लोक 'फार लागते' म्हणाले, त्या शाखांत पीएचडी करणाऱ्या स्त्रियांचं प्रमाण कमी निघालं. विषय खरोखर किती अवघड आहे यापेक्षा त्यातले लोक त्याच्याबद्दल काय मानतात, याचा संबंध जास्त दिसला.

पण पुस्तकातला सिद्धान्त आणि आयुष्य यांत अंतर असतं. ते कसं कापलं जातं हे समजून घ्यायला मला एक बाई सर्वांत उपयोगी वाटतात, आणि त्या याच घाटात गाडी चालवत होत्या.

सुरेखा यादव यांचा जन्म १९६५ चा, साताऱ्याचा. माहेरच्या भोसले, वडील शेतकरी. कऱ्हाडच्या शासकीय तंत्रनिकेतनातून त्यांनी इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा केला. मनात होतं पुढे गणित घेऊन बी. एस्सी., मग बी. एड. करून शिक्षिका व्हायचं. त्याच सुमाराला रेल्वेच्या सहायक चालक पदाची जाहिरात आली आणि त्यांनी अर्ज केला. लेखी परीक्षेला गेल्या तर सगळ्या उमेदवारांत मुलगी एकटी त्याच. मुलाखतीलाही तेच. निवड झाली, कल्याणच्या प्रशिक्षण शाळेत सहा महिने शिकल्या आणि १९८९ मध्ये सहायक चालक झाल्या. भारतातल्या पहिल्या महिला रेल्वेचालक.

वर्तमानपत्रांत 'पहिल्या' या शब्दावर सगळी शाई संपते. मला त्यापुढची वर्षं जास्त महत्त्वाची वाटतात. १९९६ मध्ये मालगाडी. २००० मध्ये मुंबईची 'लेडीज स्पेशल' लोकल. २०१० मध्ये घाटातल्या गाड्या चालवण्याचं खास प्रशिक्षण. २०११ मध्ये मेल-एक्स्प्रेस. म्हणजे घाट शिकायला सुरुवात केली तेव्हा त्या पंचेचाळिशीच्या होत्या आणि नोकरीला वीस वर्षं झाली होती. सरकारी नोकरीत त्या वयाला माणूस नवीन काही शिकण्यापेक्षा बदली कुठे होईल याचा विचार करतो.

घाट शिकायचा म्हणजे काय, हे लोणावळ्याला फलाटावर उभ्या असलेल्या प्रवाशाला सहसा ठाऊक नसतं. इथला चढ जास्तीत जास्त ३७ ला १ आहे, म्हणजे ३७ फूट पुढे गेलं की १ फूट वर. रस्त्यावरच्या गाडीला हा चढ जाणवणारही नाही. पण लोखंडी चाक लोखंडी रुळावर घसरतं, आणि मागे शेकडो टनांचं ओझं असतं. म्हणून मुंबईकडून येणाऱ्या गाडीला कर्जतला पाठीमागून जादा इंजिनं लावतात. त्यांना बँकर म्हणतात. ती लोणावळ्यापर्यंत गाडी ढकलत आणतात. पुढच्या आणि मागच्या चालकाला एकमेकांचा अंदाज घेत, शिट्टीच्या ठरलेल्या खुणा ओळखत ताकद लावावी लागते. पुढचा ब्रेक लावतोय आणि मागचा ढकलतोय, असं झालं तर मधले डबे चेपतात.

उतरताना प्रकरण आणखी नाजूक. तिथे इंजिनाला ओढायचं काम नसतं, गाडी आवरायचं असतं. नुसत्या चाकावरच्या ब्रेकवर विसंबलं तर ते तापून निकामी होतात, म्हणून मोटरच उलट्या कामाला लावून वेग रोखायचा. मंकी हिल, ठाकूरवाडी इथे थांबून ब्रेक तपासायचे. एखादी गाडी आवरेनाशी झालीच तर तिला चढावर नेऊन थांबवणारे बाजूचे रूळ या घाटात बांधून ठेवलेले आहेत. पावसाळ्यात रूळ ओले, धुक्याने सिग्नल पुसट, दरडींची भीती. हे सगळं वर्गात फळ्यावर अर्ध्यानेच कळतं. उरलेलं जाणत्या चालकाशेजारी बसून, मग तो शेजारी बसलेला असताना आपल्या हाताने चालवून, मग एकट्याने, असं येतं.

८ मार्च २०११ ला सुरेखा यादव यांनी डेक्कन क्वीन पुण्याहून मुंबईला नेली. १ जून १९३० पासून धावणारी, या मार्गावरची सर्वांत लाडकी गाडी एका बाईच्या हाताने घाट उतरली. १३ मार्च २०२३ ला त्यांनी सोलापूरहून मुंबईला वंदे भारत नेली. तेव्हा त्या ५७ वर्षांच्या होत्या, आणि वंदे भारत हे वेगळंच यंत्र आहे. तिला पुढे स्वतंत्र इंजिन नसतं, मोटरी डब्यांखाली वाटलेल्या असतात, त्यामुळे घाट चढायला तिला बँकरही लागत नाही. नियंत्रण, ब्रेक, पडद्यावरची माहिती, सगळं नवं. नोकरीची दोन-अडीच वर्षं उरलेली असताना त्या ते शिकल्या. मधल्या काळात कल्याणच्या चालक प्रशिक्षण केंद्रात त्यांनी शिकवलंही. ३६ वर्षांच्या नोकरीनंतर सप्टेंबर २०२५ मध्ये त्या निवृत्त झाल्या.

यात त्यांची मनोवृत्ती आहेच. पण तिच्या आसपास काय काय होतं तेही मोजायला हवं. गावाजवळ डिप्लोमा देणारं सरकारी तंत्रनिकेतन होतं. भरतीला लेखी परीक्षा होती आणि मुलगी म्हणून अर्ज बाजूला काढणारा नियम नव्हता. पगार देऊन शिकवणारी शाळा होती. एका पायरीवरून दुसरीवर जायला ठरलेल्या परीक्षा होत्या, आणि शेजारी बसवून घेणारे जुने चालक होते. बँकर लावल्याशिवाय गाडी घाट चढत नाही म्हणून पुढच्या इंजिनाची ताकद कुणी कमी समजत नाही. बाईच्या बाबतीत मात्र हा हिशेब चुकतो. ती वर पोचली तर तिची जिद्द, नाही पोचली तर तिची जिद्द कमी, असं म्हणून मोकळे होतात.

याच मार्गावर पुण्याकडे आलं की दापोडीला अल्फा लावलचा कारखाना लागतो. लीला पूनावाला फाळणीनंतर सिंधमधून निर्वासित होऊन आलेल्या कुटुंबातल्या. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून, म्हणजे सीओईपीतून, १९६७ मध्ये त्या मेकॅनिकल इंजिनियर झाल्या. त्या शाखेत तेव्हा मुलगी दिसणं जवळजवळ अशक्य होतं. अल्फा लावलमध्ये प्रशिक्षणार्थी म्हणून लागल्या आणि १९८७ मध्ये त्याच कंपनीच्या व्यवस्थापकीय संचालक झाल्या. १९८९ मध्ये पद्मश्री मिळाली. नंतर त्यांनी स्वतःच्या नावाचं फाउंडेशन काढलं. हुशार पण ऐपत नसलेल्या मुलींना ते शिष्यवृत्ती देतं, आणि नुसते पैसे देऊन न थांबता इंग्रजी बोलणं, मुलाखत, कारखान्यात कसं वागायचं असतं, हेही शिकवतं. स्वतः ज्या गोष्टींवाचून अडल्या असतील त्याच त्यांनी पुढच्यांसाठी उभ्या केल्या, असं मला या कामाकडे बघून वाटतं.

दापोडीच्या अलीकडे पिंपरी. १९७४ मध्ये टेल्कोची, म्हणजे आजच्या टाटा मोटर्सची, इंजिनियर हवेत अशी जाहिरात आली आणि तिच्यात मुलींनी अर्ज करू नये असं लिहिलेलं होतं. सुधा कुलकर्णी या विद्यार्थिनीने थेट जे. आर. डी. टाटांना पोस्टकार्ड लिहून जाब विचारला, मुलाखतीला पुण्याला बोलावणं आलं, आणि टेल्कोच्या कारखान्यात त्या पहिल्या महिला इंजिनियर झाल्या. त्याच सुधा मूर्ती. ही गोष्ट सगळ्यांना पाठ आहे. तिचा उत्तरार्ध कमी सांगितला जातो. आता त्याच टाटा मोटर्सच्या पुण्याच्या कारखान्यात हॅरिअर आणि सफारी या गाड्यांची जुळणी करणारी एक अख्खी रांग महिला चालवतात, दीड हजारांच्या आसपास. एका पोस्टकार्डाने एक जागा उघडली होती. दीड हजार जागा उघडायला कंपनीला भरती, प्रशिक्षण, पाळ्या, बस, स्वच्छतागृहं, सगळ्याची फेरमांडणी करावी लागते.

आता संगणकाकडे येऊ. मावळातल्या बऱ्याच मुलींना इंजिनियरिंग म्हटलं की हेच डोळ्यांसमोर येतं, आणि त्यालाही कारण आहे. 'मेकॅनिकल नको, कॉम्प्युटर घे, बसून काम आहे, एसीत आहे' हे आपल्याकडचं ठरलेलं बोलणं. त्यामुळे भारतात संगणकाच्या वर्गात मुली पुष्कळ दिसतात आणि आयटी उद्योगात बायकांचं प्रमाण एक तृतीयांशाच्या थोडं वर आहे. अमेरिकेत उलटं झालं. तिथे १९८४ मध्ये संगणकशास्त्राच्या पदव्यांत ३७ टक्के मुली होत्या, पुढच्या दोन-अडीच दशकांत ते प्रमाण २० टक्क्यांच्याही खाली घसरलं. घरगुती संगणक मुलांचं खेळणं म्हणून विकला गेला, मुलं तो हाताळून कॉलेजात आली आणि मुली पहिल्याच दिवशी मागे ठरल्या. एकाच विषयाला एका देशात बायकांचं सोयीचं काम म्हणतात आणि दुसऱ्या देशात पुरुषांच्या डोक्याचं, तेव्हा डोक्याच्या जन्मजात घडणीचा मुद्दा निकालात निघायला हरकत नाही.

तिथल्याच कार्नेगी मेलन विद्यापीठाने ही घसरण उलटवून दाखवली. १९९५ मध्ये त्यांच्या संगणकशास्त्राच्या वर्गात ७ टक्के मुली होत्या, २००० मध्ये ४२ टक्के. जेन मार्गोलिस आणि ॲलन फिशर यांनी विद्यार्थ्यांशी वर्षानुवर्षं बोलून अडचण कुठे आहे ते शोधलं होतं. प्रवेश देताना आधीच प्रोग्रॅमिंग येतं का याला महत्त्व देणं बंद केलं आणि ज्यांना काहीच येत नाही त्यांच्यासाठी पहिला अभ्यासक्रम वेगळा ठेवला. मुलींना जिद्दीवर भाषणं देण्यापेक्षा हा उपाय मोलाचा ठरला.

पुण्यात असं एक पाऊल आधीच पडलेलं होतं. १९९१ मध्ये महर्षी कर्वे स्त्री शिक्षण संस्थेने कमिन्स कंपनीच्या मदतीने मुलींचं अभियांत्रिकी महाविद्यालय काढलं. १८९६ मध्ये विधवांच्या आश्रमापासून सुरू झालेली ही संस्था शंभरी गाठायच्या आत इंजिनियर घडवू लागली. जिथे वर्गात सगळ्या मुलीच असतात तिथे वर्कशॉपमध्ये वेल्डिंगचा टॉर्च कुणीतरी मुलगीच धरते, प्रोजेक्टची लीडरही मुलगीच असते आणि रिपोर्ट टाइप करायचं काम आपोआप मुलींकडे जात नाही.

मिश्र कॉलेजांतून आलेल्या मुलींशी बोललं तर ही वाटणी किती रुळलेली आहे ते कळतं. चौघांचा गट असतो, दोघे मुलगे कोड लिहितात, मुली प्रेझेंटेशन करतात. त्यात कुणाची दुष्ट बुद्धी नसते. ज्याला जे येतं ते तो करतो. पण कोड लिहिणाऱ्याला चार वर्षांत कोड येतं आणि प्रेझेंटेशन करणारीला प्रेझेंटेशन येतं. तीच वाटणी नोकरीत पुढे चालते: त्याला डेव्हलपमेंट, हिला टेस्टिंग किंवा सपोर्ट. ड्वेकबाईंचं म्हणणं खरोखर कामाला येतं ते इथे. ज्या कामात आज आपण कच्चे आहोत तेच मागून घ्यायचं, आणि पहिले काही महिने वाईट दिसायची तयारी ठेवायची.

प्रोग्रॅमिंगला एक सोय आहे, तिथे चूक लपत नाही आणि राहतही नाही. प्रोग्रॅम चालवला की संगणक लगेच सांगतो, अमुक ओळीत गडबड आहे. पंधरा वर्षं अनुभव असलेल्या माणसालाही दिवसातून पन्नास वेळा सांगतो. नवख्या मुलीला मात्र पडद्यावरची ती लाल ओळ 'तुला येत नाही' अशी वाचता येते. तिला कुणीतरी पहिल्या आठवड्यातच शेजारी बसून दाखवायला हवं की ही ओळ नीट वाच, हिच्यातच उत्तर आहे; आणि हे बघ, माझ्याही पडद्यावर तीच आहे. मराठी माध्यमातून आलेल्या मुलीची अडचण दुहेरी असते. लाल ओळ इंग्रजीत असते.

आपल्या विद्यापीठांत एटीकेटी नावाची पद्धत आहे. एक-दोन विषय राहिले तरी पुढच्या वर्षाला बसता येतं, ते विषय नंतर सोडवायचे. ड्वेक आपल्या भाषणात शिकागोच्या एका शाळेचं कौतुक करतात, तिथे नापास लिहिण्याऐवजी 'अजून नाही' असा शेरा देतात. महाराष्ट्रातल्या इंजिनियरिंग कॉलेजांत ही सवलत पिढ्यान्‌पिढ्या आहे, आणि तरी केटी लागली की घरात सुतक पडतं. मुलाला केटी लागली तर 'काढेल पुढच्या सेमला' म्हणतात. मुलीला लागली तर स्थळं बघायला सुरुवात झाल्याची उदाहरणं मावळात शोधायला लांब जावं लागत नाही. नियमाने दिलेली दुसरी संधी घराने काढून घेतली की ती मुलगी कितीही चिकाटीची असली तरी काय करणार?

ड्वेक यांच्या विचाराची पुढे मोठी तपासणी झाली आहे. २०१९ मध्ये डेव्हिड येगर आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या सुमारे १२ हजार नववीच्या विद्यार्थ्यांवर केलेला प्रयोग 'नेचर'मध्ये आला. तासाभरापेक्षाही कमी वेळाच्या ऑनलाइन धड्यात मुलांना सांगितलं की मेंदू सरावाने घडतो. मागे पडलेल्या मुलांचे गुण ४ पैकी सरासरी ०.१ ने वाढले. आकडा छोटा आहे, पण खर्चाच्या मानाने वाईट नाही. त्यातला महत्त्वाचा भाग असा की ज्या शाळांत वर्गमित्र अवघड काम अंगावर घेणाऱ्याला साथ देत होते, तिथे परिणाम टिकला. जिथे तसं वातावरण नव्हतं तिथे तो विरला. कंपन्यांच्या कार्यशाळांत हा भाग सहसा सांगत नाहीत. भिंतीवर 'ग्रोथ माइंडसेट'चं पोस्टर लावायला पैसे लागत नाहीत, पाळणाघराला लागतात.

आणि काही गोष्टींना मनोवृत्ती हे उत्तरच नसतं. नोव्हेंबर २००७ मध्ये पुण्यात एका बीपीओत रात्रपाळीला निघालेल्या तरुणीला तिला घ्यायला आलेल्या गाडीच्या चालकाने आणि त्याच्या साथीदाराने मावळातल्या गहुंज्याकडे नेलं. तिच्यावर बलात्कार करून तिचा खून झाला. गहुंजं आज क्रिकेटच्या स्टेडियममुळे माहीत आहे. मावळातल्या आयांना ते वेगळ्या कारणाने आठवतं. त्यानंतर कंपन्यांच्या गाड्यांना नियम आले. चालकाची पडताळणी, पहिली चढणारी किंवा शेवटी उतरणारी बाई गाडीत एकटी असू नये, सोबत रक्षक. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकानं आणि आस्थापना कायद्याने रात्री साडेनऊनंतर बायकांना काम करायला परवानगी दिली, तीही त्यांची संमती आणि संरक्षणाची व्यवस्था असेल तर. घरच्यांनी रात्रपाळी नको म्हटलं की आपण त्यांना मागासलेले म्हणतो. त्यांची भीती ऐकून घेतली तर ती बरीचशी रस्त्यांची, दिव्यांची आणि शेवटच्या दोन किलोमीटरांची असते.

कान्ह्याच्या एखाद्या मुलीचा दिवस धरून बघा. हिंजवडीचं आयटी पार्क नकाशावर तिच्या तालुक्याला लागूनच आहे, मुळशीत. पण तिला आधी फलाट गाठायचा, लोकलने आकुर्डी किंवा चिंचवड, तिथून बस किंवा शेअर रिक्षा, आणि मग हिंजवडीची ती वाहतूक. लोणावळा लोकल मुंबईसारखी पाच-पाच मिनिटांना नसते, एक चुकली की पुढचं सगळं चुकतं. आंदर किंवा नाणे मावळात आत राहणाऱ्या मुलीला तर स्टेशनपर्यंत येणं हाच वेगळा प्रवास, आणि जुलै-ऑगस्टमध्ये तो रोज जमेल याची खात्री नाही. संध्याकाळी साडेसहाला ऑफिसात एखादी बैठक लांबली की इतरांना अर्धा तास उशीर होतो, हिची लोकल जाते. वर्षअखेरीच्या आढाव्यात लिहिलं जातं, वेळेची लवचिकता कमी.

बाळंतपणानंतर अडचणींची हीच बेरीज आणखी वाढते. २०१७ पासून कायद्याने २६ आठवड्यांची पगारी रजा आहे आणि ५० किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला पाळणाघराची सोय करावी लागते. रजेवरून परतल्यावर हातात कुठलं काम येतं, हे मात्र कायदा सांगत नाही. संगणकाच्या क्षेत्रात दीड-दोन वर्षांत साधनं बदलतात. परत आलेल्या बाईला जुनं, कडेचं काम देणं वरकरणी सोयीचं दिसतं, आणि दोन वर्षांनी तिला नवं काही येत नाही, हेच तिला डावलायचं कारण होतं. सुरेखा यादवांना पंचेचाळिशीत रेल्वेने घाटाच्या प्रशिक्षणाला बसवलं, ही गोष्ट मला म्हणून इतकी मोठी वाटते. कितीतरी कंपन्यांत त्या वयाच्या बाईचं नाव प्रशिक्षणाच्या यादीत घालायचं कुणाला सुचत नाही.

शिडीच्या खालच्या पायऱ्या महाराष्ट्रात तुलनेने बऱ्या आहेत. बारावीपर्यंतच्या मुलींना एसटीचा मोफत पास, मार्च २०२३ पासून सर्व बायकांना एसटीत अर्धं तिकीट. दहावीनंतर डिप्लोमा करून थेट इंजिनियरिंगच्या दुसऱ्या वर्षाला जाण्याची वाट. बारावी, सीईटी आणि क्लासेसच्या फीपासून ती घराला वाचवते, म्हणून ग्रामीण मुलींसाठी मला ती फार महत्त्वाची वाटते. जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत असलेल्या घरांतल्या ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण आणि परीक्षा फी पूर्ण माफ झाली. आधी ती निम्मी होती. भाऊ आणि बहीण दोघेही पात्र असताना पैसे एकालाच पुरतील अशा घरात या निर्णयाने काय बदललं असेल, ते वेगळं सांगायला नको. वसतिगृहाचा आणि प्रवासाचा खर्च मात्र अजून घरावरच आहे, आणि मावळातून रोज ये-जा करणाऱ्या मुलीला तो छोटा नाही.

या निर्णयाखाली २०२४-२५ मध्ये प्रवेश घेतलेल्या मुली २०२८ मध्ये इंजिनियर होऊन बाहेर पडतील. थेट दुसऱ्या वर्षाला गेलेल्या त्याच्या आदल्या वर्षी. त्यांतल्या अनेक जणी आपल्या घरातल्या पहिल्या इंजिनियर असतील. तळेगावच्या एमआयडीसीत, चाकणला, हिंजवडीला त्या मुलाखती देतील. मुलाखत घेणाऱ्याने त्यांना काय येतं ते जरूर विचारावं. मुलींनीही समोरच्याला तीन गोष्टी विचाराव्यात: पहिल्या वर्षात मला शेजारी बसवून कोण शिकवणार, दुसऱ्या वर्षात कुठलं अवघड काम माझ्या हातात येणार, आणि काम उशिरा संपलं तर मी कामशेतला कशी पोचणार.